थुंकीच्या पाच नळ्या

"माझ्या घराण्यात असलं काही नाही," मर्लने तिसऱ्यांदा सांगितलं. "आणि क्लॅरीच्या तर नाहीच नाही. लिहा."

होबार्टहून आलेली नर्स निमूटपणे लिहीत होती. आत बेसिनचा नळ चालूच होता. तेरा वर्षांची नात टिली पाऊण तास हात धूत होती. बोटांची सालं निघाली होती, तीन महिने तिचं शाळेत जाणं बंद होतं आणि दोन औषधं बदलूनही गुण नव्हता.

"मेंदूचा पुढचा भाग इशारा देतो, काहीतरी घाण राहिलीय," नर्स म्हणाली. "आत खोलवर एक गाळणी असते. असले फुकटचे इशारे ती अडवते. टिलीची गाळणी अडवत नाही. सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं, त्याचाही यात हात असतो. यात चूक कोणाचीच नाही. पण पुष्कळदा हे रक्तातून येतं. नात्यात कोणाला असेल आणि त्याला एखादी गोळी लागू पडली असेल, तर तीच आधी देऊन बघता येते."

एवढ्या सगळ्यातून मर्लने 'रक्तातून' हा एकच शब्द उचलला. तिने सुनेकडे पाहिलं. रोवेना आतल्या नळाच्या आवाजाकडे कान लावून बसली होती.

नर्सच्या संशोधनाच्या अभ्यासात रक्ताचं नातं तपासायला थुंकी हवी होती. टिलीची आणि तिच्या आईबापांची, म्हणजे तीन नळ्या. मर्लने हट्टाने आणखी दोन मागून घेतल्या. रोग कोणाच्या घरातून आला याचा एकदाचा सोक्षमोक्ष लागलेला बरा. तिने नवऱ्याला, क्लॅरीला, सफरचंदांच्या शेडमधून बोलावून आणलं.

"थुंक."

"पन्नास वर्षं मला अंगणात थुंकू दिलं नाहीस," क्लॅरी म्हणाला, "आणि आज नळी भरायला सांगतेस?"

"घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. भर मुकाट्याने."

पाचही नळ्या गेल्या. दीड महिन्याने रोवेनाचा फोन वाजला तेव्हा मर्ल आपल्या घराच्या खिडकीत होती. मुलाचं, ग्रॅहमचं, घर समोरच, मध्ये फक्त शेड. रोवेना फोन घेऊन तडक झाडांच्या रांगेत शिरली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोणाचा गं?" मर्लने बाहेर येऊन विचारलं.

"शाळेचा."

ईस्टरची सुट्टी चालू होती. मर्लने मनात गाठ मारून ठेवली.

त्या दिवसापासून रोवेना बदलली. क्लॅरी समोर आला की तिची नजर खाली जायची. पूर्वी मर्लच्या एका टोमण्याला तिच्याकडून दोन परत यायचे. आता ती गप्प. उलट गरम स्कोन-पाव भाजून आणायची, वर "गुडघा कसाय?" म्हणून विचारायची. मर्लला हे लोणी लावणं मुळीच पटलं नाही. पोटात काही असल्याशिवाय माणूस एवढं गोड होत नाही.

मग ग्रॅहमकडून कळलं की रोवेनाने सगळ्यांची नावं अभ्यासातून काढून घेतली.

"तिची एक मावशी अशीच होती म्हणे, ॲडलेडला," तो आईला म्हणाला. "मग आता तपासायचं काय उरलं?"

मर्लला आनंद झाला. स्वतःचीच लाज वाटावी इतका झाला. दोन दिवस तो टिकला. मग तिला आठवलं, रोवेनाची आई एकुलती एक होती. ग्रॅहमच्या लग्नात त्या आईनेच सांगितलं होतं.

नसलेली मावशी कोणी उगाच जन्माला घालत नाही. मर्ल उठली आणि थेट मुलाच्या घरी गेली.

रोवेना टिलीच्या बोटांना मलम लावत होती. आजीचा चेहरा बघून टिली आत पळाली.

"तुझ्या आईला बहीण नव्हती. मावशी कुठून उगवली?"

रोवेना मलमाचं झाकण फिरवत राहिली.

"कोणाला झाकतेयस? तुझ्या बापाला? का स्वतःला? मला विचारायचा हक्क आहे. नात आहे ती माझी."

"आहेच," रोवेना म्हणाली. "बसा, मर्ल."

"बसायला नाही आले मी."

रोवेनाने दार लोटलं. शेडमधून क्लॅरीची शीळ ऐकू येत होती.

"त्या दिवशीचा फोन नर्सचा होता. पाचातली एक नळी या घरातली वाटत नाही म्हणाली. घरी अदलाबदल झाली का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, झाली असेल. पुन्हा नळ्या मागवायला नकोत म्हणून नावंच काढून घेतली."

मर्लच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती नजर, ते स्कोन, ते गप्प बसणं.

"म्हणजे टिली ग्रॅहमची नाही!" ती ओरडली. "लाज नाही वाटली तुला?"

"हळू बोला. टिली ग्रॅहमचीच आहे. आणि ग्रॅहम तुमचा आहे." रोवेनाचा आवाज अगदी खाली आला. "न जुळणारी नळी क्लॅरींची आहे."

मर्ल खुर्ची शोधत खाली बसली.

"ग्रॅहमला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. खुशाल म्हणत राहा, रोग माझ्या माहेरचा आहे म्हणून. मी हो म्हणेन." रोवेना तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "मला फक्त टिलीसाठी एक सांगा. तो माणूसही असेच हात धुवायचा का?"