आपोआप मेलेले

“मारलेल्या जिवाची टोपी मी घालणार नाही,” असं उर्शाने लग्नाआधीच बजावलं होतं. म्हणून ब्लाझने तिला, त्याच्या सांगण्याप्रमाणे थंडीने आपोआप मेलेल्या पोल्हांची, त्या झुबकेदार शेपटीच्या रानउंदरांची टोपी शिवून दिली.

आज तीच टोपी घालून ती तळघरात गेली, तर सफरचंदांच्या पेटीत एक पोल्ह सापडला. थंडगार, मुटकुळं झालेला. ओंजळीत धरून तिने तो वर आणला. तो जराही हलत नव्हता, पण खांद्यांच्या मधोमध त्याची पाठ गरम होऊ लागली.

“अरे ब्लाझ, हा जिवंत आहे!”

“वेडे, थंडीने पोल्ह मरतो का कधी? झोपतो. जागा होताना पाठीतली तपकिरी चरबी नुसती जळत राहते, अंग न हलवता ऊब येते.” ब्लाझने सुरी उचलली. “आण लवकर. टोपीतले सगळे जागे व्हायच्या आतच उरकले होते.”