चाराचे सहा

रुपाने नाचणीची पेज वाटीत ओतली, फुंकर घालून निववली आणि मुलीला मांडीवर घेतलं. पहिला चमचा भरला, तेवढ्यात अंगणवाडीच्या दामिनीबाई दारात आल्या. खालच्या शेणवे गावापासून वाडीपर्यंतचा चढ त्या घाईने चढल्या होत्या. चपला न काढताच म्हणाल्या, "थांब रुपा. देऊ नको."

रुपाचा हात थांबला.

मुलीला कालच चार महिने पूर्ण झाले होते. चार झाले की वरचं सुरू करायचं, हे बाईंनीच गेल्या महिन्यात याच ओटीवर बसून सांगितलं होतं. रुपा तयार नव्हती. तिचा पहिला मुलगा शाम पाचव्या महिन्यात जुलाबाने गेला होता, शहापूरच्या दवाखान्यात नेताना, जीपमध्येच. त्यालाही बाईंच्या सांगण्यावरून चौथा महिना सरल्यावर पेज दिली होती. सासू सकुबाई तेव्हा नको म्हणत होती. दात आल्याशिवाय पोराच्या तोंडाला अन्न लावायचं नाही, ही तिची रीत. तिला बाईंनी चार बायकांदेखत अडाणी म्हटलं होतं. या वेळी पाणी उकळून घे, भिऊ नको, असं समजावून बाईंनी रुपाला कसंबसं राजी केलं. भाताची झोडणी आली होती. दिवसभर खळ्यावर जायचं, तर पोरीच्या पोटाला काहीतरी हवं, म्हणून रुपानेही मन घट्ट केलं होतं.

बाई ओटीवर टेकल्या. दोन दिवस त्या तालुक्याला प्रशिक्षणाला गेल्या होत्या. तिथे आता नवीन सांगितलं होतं. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. कुणीतरी उठून विचारलं होतं, मग इतकी वर्षं आम्ही चार सांगत आलो त्याचं काय. शिकवणाऱ्या म्हणाल्या, आजपासून सहा सांगायचं. बाईंनी पिशवीतून छापील कागद काढला आणि न वाचताच परत ठेवला.

मागच्या पडवीत सकुबाई भात पाखडत होती. सूप वाजायचं थांबलं. ती दारात येऊन उभी राहिली.

रुपाने वाटी खाली ठेवली.

"तवा चार सांगलंत. आता सहा."

"हो."

"मंग शामला दिली ती?"

या प्रश्नाचं उत्तर बाई चढभर जुळवत आल्या होत्या. त्या साली ओढ्यात खणलेल्या डवऱ्याचं पाणीच खराब होतं. वाडीतली आणखी तीन पोरं आजारी पडली होती. डॉक्टरही पाण्यालाच दोष देत होते. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"मला तेव्हा तसंच शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पेजेनं गेला का पाण्यानं, मला नाय सांगता येत. पण मी सांगितलं नसतं तर तू दिली नसतीस."

रुपा रडली नाही. मुलीने पाय झाडला, वाटी कलंडली आणि पेज सारवलेल्या जमिनीवर पसरली. ती कुणी पुसली नाही.

सकुबाई दारातूनच म्हणाली की आता आमच्या रीतीनं होऊ दे, दात आल्यावर बघू. बाईंना त्या घडीला हो म्हणणं सोपं होतं. पण त्या उठून तिच्यासमोर गेल्या. मावशी, तुमचं तेव्हा निम्मं बरोबर होतं, मी तुम्हाला नको ते बोलले, असं त्या म्हणाल्या. पण सहा म्हणजे सहाच, त्याच्या पुढे नुसत्या दुधावर पोर वाळतं. खालच्या आळीतल्या कुंडलिकची नात वर्षाची होईपर्यंत अंगावरच होती, काट्यावर सहा किलोसुद्धा भरली नव्हती.

"पुढल्या साली आठ सांगशील," सकुबाई म्हणाली.

"सांगायची वेळ आली तर तेही मीच येऊन सांगीन."

सकुबाईने पदरावरचा कोंडा झटकला. मग म्हणाली की खळ्याजवळच्या आंब्याला झोळी बांधते, पोरीजवळ मी बसेन, रडली की आईला हाक मारीन. बाई निघाल्या तेव्हा रुपा मुलीला पदराखाली घेऊन पाजत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "सहा भरले का तुमी या, बाई. पहिला घास मामाच्या हातचा असतो. हिला तुमी भरवा. मी नाय भरवायची."

संक्रांत झाल्यावर तो दिवस आला. मुरबाडहून रुपाचा भाऊ भगीरथ आला होता. बहिणीने सगळं सांगितल्यावर तो मुकाट्याने बाजूला बसला. बाईंनी पाणी स्वतः उकळलं, हात दोनदा धुतले, गुरगुट्या भात बोटांनी कुस्करला. पहिला घास मुलीने जिभेने बाहेर ढकलला. बाई थांबल्या. सगळे मुलीच्या तोंडाकडे बघत होते.

रुपा बाईंच्या हाताकडे बघत होती. दुसरा घास उचललेला हात पुढे जात नव्हता. रुपा सरकून जवळ आली, तिने ते मनगट धरलं आणि तसंच धरून मुलीच्या ओठांपर्यंत नेलं.