लांबलेली प्रार्थना

सासरी रोज सकाळी बायबलमधलं वचन वाचून प्रार्थना झाल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नसे. वचन चार ओळींचं असायचं, पण सासऱ्यांची प्रार्थना संपता संपत नसे. आजही चहावर साय धरली, आणि सासरे आपले शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या गुडघेदुखीपर्यंत पोचले होते.

"त्याच्या मेहुण्यालाही सांभाळ, प्रभू..."

मेहुणा तर मघाशीच होऊन गेला होता! नवी सून मिटल्या डोळ्यांनीच कुजबुजली, "बाबा, आमेन म्हणा ना. माझी बस जाईल."

तरी प्रार्थना चालूच राहिली, तशी तिने वैतागून डोळे उघडले. सासऱ्यांचेही डोळे उघडेच होते. ते समोर बघत होते. रात्रपाळीवरून येऊन, हॉस्पिटलचा गणवेशही न बदलता सगळ्यांचा नाश्ता केलेल्या सासूबाई, जोडलेल्या हातांवर कपाळ टेकून गाढ झोपल्या होत्या.

सासऱ्यांनी आवाज आणखी खाली आणला. प्रार्थनेचा सूर मात्र मोडला नाही.

"आणि हे प्रभू, आमच्या सूनबाईला जरा धीर दे. आमेन ऐकलं की तिची सासू उठते आणि कामाला लागते."