साखर वाचली

तोंडवलीच्या त्या वाडीत तेव्हा रेडिओ एकच होता, सगुणचा. तिन्हीसांज झाली की सगळी वाडी त्याच्या खळ्यात जमायची, रेडिओ ऐकायची आणि चहा पिऊनच उठायची. शेवटी त्याच्या बायकोनं, शेवंतीनं, रेडिओतले सेल काढून तांदळाच्या डब्यात लपवले.

"सेल सोंपले," ती म्हणाली. "ह्या महिन्यात नवीन घेवचे नाय. आधी तुमच्या जाळ्याचे पैशे होवंदेत."

सगुण हसला. "म्हंजे साखर पण वाचली गो तुझी!"

दोन संध्याकाळी खळ्यात कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वाडीतल्या सगळ्या होड्या समुद्रात गेल्या. दुपारी वारा सुटला आणि माड जमिनीला टेकू लागले.

दिवस मावळला तरी एकही होडी परतली नव्हती. खळं बायकांनी भरलं होतं. त्यांच्यादेखत शेवंतीनं तांदळात हात घालून सेल बाहेर काढले आणि रेडिओ लावला.

"काल संध्याकाळी दिलेला वादळाचा इशारा कायम आहे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

शेवंती चुलीकडे गेली. उरलेली सगळी साखर घालून तिनं चहा केला.

एकीनंही पेल्याला हात लावला नाही.