चार नंबरची पेटी

“चार नंबरची पेटी उद्या उकरून आणा,” साहेब म्हणाले, आणि पडद्यासमोर बसलेल्या तिने हातातला चहा खाली ठेवला.

तसं साहेबांचं काही चुकत नव्हतं. डोंगर आठ महिने धुमसत होता. लाव्हा पलीकडच्या ओसाड उतारावरून वाहत होता म्हणून बरं, पण जमीन अलीकडेही रोज थरथरायची. ती थरथर टिपायला सहा ठिकाणी जमिनीत पेट्या पुरल्या होत्या. कुठे धक्का बसला की इथे केंद्रात पडद्यावर रेघ उडायची. पाच पेट्या अगदी गुणी. चार नंबरची मात्र रोज सकाळी ठीक सातला अकरा उड्या मारायची (वहीत त्याची नोंद ‘लाकूडफोड’), आणि त्यात डोंगराचे बारीक धक्के झाकून जायचे.

“काल एक खरा धक्का त्या लाकूडफोडीत बुडाला,” साहेब करवादले. “कोण आहे कोण हा गृहस्थ?”

“माझे बाबा,” ती म्हणाली.

“मग प्रश्नच मिटला. तुम्हीच जा.”

मिटला कसला! तिथेच तर सगळं अडलं होतं. डोंगर पेटला त्याच आठवड्यात ती बाबांना आपल्याकडे आणायला गेली होती. बाबा जुने सुतार, घर स्वतःच्या हातांनी बांधलेलं. धोक्याची हद्द पार तिकडे आहे, मी इथून हलणार नाही, म्हणाले. तिने हट्ट धरला, त्यांनी आवाज चढवला. “बसा मग तुमच्या डोंगराला धरून! मी एक शब्द बोलणार नाही,” ती म्हणाली. “नको बोलूस. मीही नाही बोलणार,” बाबा म्हणाले. झालं! बाप तसा आणि लेक त्याच्या वरताण. त्यांच्या अंगणात पेटी पुरायची वेळ आली तेव्हाही तिने पेटीवाल्याला एकट्यालाच पाठवलं.

पण त्या पेटीनेच तिला इतके महिने तगवलं. तिचं काम नऊला सुरू व्हायचं, ती पावणेसातलाच हजर. सातला पहिली रेघ उडाली की ती मोजायला लागायची. अकरा भरल्या की हुश्श करून वहीत लिहायची, ‘पेटी चार. लाकूडफोड. अकरा घाव.’ म्हणजे बाबा उठले, हातांत जोर आहे, कुऱ्हाड चालतेय. मग तिच्या चहाला चव यायची. एकदा सातच्या रेघा चार मिनिटं उशिरा आल्या, तर बाईसाहेब गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत पोचल्या होत्या. आणि आता उद्यापासून तेवढंही दिसणार नव्हतं. तिला भरून आलं. फोन उचलावा असं दहा वेळा वाटलं, पण आधी कोणी बोलायचं?

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना ती कुदळ घेऊन बाबांच्या फाटकाशी उभी राहिली. अंगण लख्ख झाडलेलं. लाकडाची एक ढलपी नाही, ओंडका नाही. खिडकीतून गॅसची निळी आच दिसत होती. कुऱ्हाड पडवीत खुंटीला टांगलेली, पातं गंजलेलं, दांड्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. मग इतके दिवस घाव घालत होतं कोण?

तेवढ्यात बाबा बाहेर आले. धुतलेला सदरा, भांग पाडलेला, जणू कुणाला भेटायला निघालेत. हातात सुतारकामाचा लाकडी हातोडा. पेटी पुरली होती तिथे ते गुडघ्यांवर हात देत देत खाली बसले, घड्याळात बघत थांबले, आणि शेजारच्या सपाट दगडावर हातोडा हाणला. ठक्. ती बोटांवर मोजत राहिली. अकरा झाल्यावर त्यांनी दगडावर तळवा टेकवला, जरा वेळ तसेच बसले, मग उठले. वळून बघतात तो फाटकात लेक.

बाबा पायरीवरच्या मांजरीकडे वळले.

“मने, विचार तिला, चहा घेणार का?”

तिला हसू फुटलं. “बाबा, हे काय चालवलंय? आपलं बोलणं बंद होतं ना?”

“बोलणं बंद होतं,” बाबा मांजरीलाच म्हणाले. “ठोकायचं नाही, असं कुठे ठरलं होतं? पेटीवाला सांगून गेला, इथे नुसतं खट् झालं तरी खाली तुमच्या मुलीला दिसतं.” मग मात्र त्यांनी मांजरीला सोडलं आणि थेट तिच्याकडे बघितलं. “पोचत होतं का गं?”

“रोज. मोजून अकरा.” तिने डोळे पुसले. “आणि आम्ही शहाणे लाकूडफोड म्हणून लिहीत होतो. तुमच्यापुढे आम्हाला डोंगर ऐकू येईना, म्हणून साहेबांनी पेटी काढायला पाठवलंय मला.”

“हात्तिच्या! मग राहू दे की पेटी. मी नाही ठोकत.”

“त्याऐवजी फोन करायचा. सातला.”

“करीन.”

“पण अकराच का, बाबा?”

“शाळेत होतीस तेव्हा सातला तुझ्या दारावर ठोकायचो. दहापर्यंत तू ढिम्म हलायची नाहीस. अकराव्याला ओ द्यायचीस.” बाबांनी हातोडा उगाचच सदऱ्याला पुसला. “म्हटलं, ठोकत राहावं.”

तिने कुदळ कुंपणाला टेकवून ठेवली.

“ओ, बाबा,” ती म्हणाली.