कड्यावरची उडी

पडद्यावर घोड्यासकट कड्यावरून नदीत उडी मारणारा मर्दगडी म्हणून वेंडेल कॅरिकचं नाव कॅन्ससपासून कॅलिफोर्नियापर्यंत गाजत होतं. प्रत्यक्षात उडी मारायचा एबेन स्ट्राउड, वेंडेलचे कपडे आणि टोपी घालून. पाचव्या चित्रपटात एबेनची कंबर मोडली. आता सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच वेंडेल इस्पितळात गेला.

त्याला पाहताच वॉर्डात टाळ्या वाजल्या. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा एबेनवर खेकसला, "बघ, शीक जरा! हा पठ्ठ्या कड्यावरून उडी मारून धडधाकट, आणि तू म्हणे तबेल्याच्या शिडीवरून पडलास!"

शिडीची गोष्ट चित्रपट कंपनीने एबेनला पढवली होती. एबेन नुसता हसला.

वेंडेलने तोंड उघडलं, तेवढ्यात म्हाताऱ्याने हात पुढे केला. "एक फोटो द्या की हो!"

वेंडेलचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. फोटो त्या उडीचाच होता. घोडा हवेत, स्वार मानेवर वाकलेला, चेहरा टोपीखाली. बघता बघता सगळ्या खाटांवरून हात पुढे आले. तो फोटो वाटत राहिला, आणि बोलायचं राहूनच गेलं.

निघताना एबेन त्याची बाही धरून हळूच म्हणाला, "साहेब, एक मलाही द्या. आजवर माझा कुणी काढलेला फोटो तेवढाच आहे."

वेंडेलने उरलेला गठ्ठा दोनदा चाळला. स्वतःची सही नसलेला एकही फोटो त्यात नव्हता.