निरोगी नमुना

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर जेलचा, म्हणजे डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या चिकट थराचा, फोटो उमटला आणि आत्या चरफडली. पुन्हा तेच. तान्ह्या भाच्याचा डीएनए आणि निरोगी माणसाचा डीएनए, दोघांच्याही रांगेत वर एकसारखाच जाड पट्टा.

प्रयोग तसा सरळ होता. प्रथिन डीएनएवरून चाचपडत जातं, कुठे फारसं रेंगाळत नाही. ओळखीची अक्षरं लागली की मात्र तिथेच ठाण मांडतं. त्याच्या वजनाने तो तुकडा जेलमध्ये मागे, वरच राहतो. भाच्याचं तिथलं एक अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे प्रथिन नको इतकं घट्ट बसलं आणि बाळाच्या अंगठ्याशेजारी आणखी एक इवलासा अंगठा फुटला, असा आत्याचा कयास होता. पण मग निरोगी रांगेतला पट्टा फिकट यायला हवा होता.

बाळ घरी आल्यापासून आत्याच्या आईने वहिनीला धारेवर धरलं होतं. हिनेच खाण्यापिण्यात काहीतरी चुकवलं, आमच्यात असलं कुणाला नाही, हेच पालुपद. वहिनी हल्ली बाळाचा हात दुपट्यात झाकून ठेवायची. दोष खाण्यापिण्याचा नाही हे दाखवायला आत्या हा प्रयोग पुन्हा पुन्हा करत होती. निकाल चुकला म्हणून काल तिने रसायनांना दोष दिला, आज स्वतःच्या हातांना.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठून आला. या खेपेला त्याने हौसेने आपलाही डीएनए तिसऱ्या रांगेत घातला होता. त्याचा पट्टा अगदी फिकट होता.

"हा निरोगी नमुना कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझाच. सगळे स्वतःचाच घेतात की."

बोलता बोलता तिने हातमोजा काढला. अंगठ्याच्या बुडाशी, भाच्याला जादा अंगठा फुटला होता तिथेच, पांढरट व्रण होता. लहानपणी काच लागली होती, असं आई सांगायची. आत्या त्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिने घरी फोन लावला.

"आई, मला काच लागली तेव्हा मी रांगत तरी होते का गं?"

पलीकडे बाळ कुरकुरत होतं, वहिनी त्याला गप्प करत होती.

"आई?"

"फोन स्पीकरवर आहे," आई हळूच म्हणाली.

वहिनीचा आवाज थांबला होता.